तुले तर सवय आहे

क्षमाचा फोन आला तेव्हा विनीता गेटपाशी उभी राहून भाजीवालीच्या टोपलीतली चण्याची कोवळी भाजी चाचपून बघत होती. क्षमा नागपूरहून बोलत होती, आणि ती बोलायला लागली की समोरच्याने फक्त हुंकार भरायचे असतात हे विनीताला कॉलेजपासून पाठ होतं. संक्रांतीनंतरच्या रविवारी रायपूरच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन, रेल्वे कॉलनीच्या मैदानावर. विद्यापीठाची आपली जुनी खो-खोची टीम सगळीच्या सगळी गोळा करायची, आणि कॉलनीतल्या पोरी-सुनांविरुद्ध एक डाव खेळायचा. माया भिलाईहून येणार, बाकीच्या येणार, नऊ जणी पक्क्या झाल्या. शालिग्राम सरांनासुद्धा घरून उचलून आणायचं, शिट्टी वाजवायला. मग क्षमाने श्वास घेतला आणि आवाज मऊ केला. "विनू, तू राखीव राहशील ना वं? तुले तर सवय आहे." विनीता म्हणाली, "हव." अगदी लगेच म्हणाली. भाजीवालीने वरून एक मूठ भाजी टाकली, विनीताने पदरात घेतली, पैसे दिले, फाटक लावलं, आत येऊन परात घेऊन बसली. निम्मी भाजी निवडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ती पानं फेकून देतेय आणि काड्या परातीत ठेवतेय.

सवय आहे. यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते घशात काट्यासारखं राहिलं. क्षमाने टोमणा मारला असता तर विनीताने परतवला असता, तेवढी जीभ तिला होती. पण क्षमा प्रेमाने बोलली होती. लंगड्या खुर्चीवर नेमकं कोणी बसायचं हे घरातल्यांना जसं ठरलेलं असतं, तसं. विनीता विद्यापीठाच्या टीममध्ये दोन वर्षं होती आणि दोन्ही वर्षं राखीव होती. सामन्याच्या दिवशी सकाळी शालिग्राम सर एकेकीच्या पाठीवर थाप मारत यायचे, तिच्यापाशी आले की हसून म्हणायचे, "विनीता, तुम बेंच गरम रखना, बेटा." म्हणजे आज तू खेळत नाहीस. पहिल्यांदा तिला ते कळलंच नव्हतं. तिला वाटलं खरंच काहीतरी काम सांगताहेत, आणि ती बेंच शोधत राहिली. बेंच नव्हताच. मैदानाच्या कडेला एक फाटकी सतरंजी होती, तिच्या एका कोपऱ्यावर ग्लुकोजच्या पाण्याची बादली ठेवलेली असायची, आणि दुसऱ्या कोपऱ्यावर विनीता. पुढे आयुष्यभर हा शब्द तिला भेटत राहिला. टीव्हीसमोर नरेश, तिचा नवरा, हळहळायचा, "एवढा मोठा गडी अन् बेंच गरम करून राहिला, पहा." मोठ्या बहिणीचा, राधिकाचा, मुलगा यशदीप पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. हातात काम नाही म्हणून कंपनीने त्याला बेंचवर टाकलं, तेव्हा राधिकाने देव पाण्यात ठेवले होते. विनीताने त्याला फोनवर विचारलं, बेंचवर काय करतोस रे, तर तो म्हणाला, कुछ नहीं मौसी, बुलाने का इंतज़ार, सैलरी तो मिल रही है. राधिका रडत होती आणि विनीताला मनातून हसू येत होतं. बसून राहण्याचा पगार मिळतो हे तिला नवीन होतं.

सतरंजीवर बसून ती करायची काय, तर दागिने सांभाळायची. अंगावर काही घालून खेळायचं नाही, ओरखडे निघतात, तुटतात, सर ओरडतात. मग एकेक जण यायची आणि साखळी काढून विनीताच्या गळ्यात घालायची. जमिनीवर ठेवलं तर हरवेल, पिशवीत ठेवलं तर चोरीला जाईल, विनीताच्या गळ्यात कुठे जाणार? बांगड्या मनगटापासून कोपरापर्यंत चढायच्या. कानातले रुमालात. क्षमाची आजीकडची सोन्याची साखळी सगळ्यांत वर, कारण ती कॅप्टन. बिलासपूरच्या सामन्यात कोणीतरी टीमचा फोटो काढला, त्यात आठ-नऊ जणी धुळीने माखलेल्या, गुडघे फुटलेल्या, केस विस्कटलेल्या उभ्या आहेत आणि कडेला विनीता नव्या नवरीसारखी नटून बसलेली. घरी वडिलांनी, यशवंतरावांनी, तो फोटो पाहिला. ते गुढियारीच्या मालधक्क्यावर पार्सल बाबू होते, वर्ध्याहून बदलून आलेले, कमी बोलायचे. फोटो बराच वेळ धरून म्हणाले, "ही खेळते कवा?" आईने सांगितलं, गरज पडली की. यशवंतराव म्हणाले, "अन् गरज पडली नाही तं?" विनीता तेव्हा दाराआड होती, आणि तिला वडिलांचा राग आला होता, क्षमाचा नाही, सरांचा नाही. आता पन्नाशी उलटल्यावर परातीतल्या काड्यांकडे बघताना तिला कळत होतं की घरात तेवढा एकच माणूस तिच्या बाजूने खेळला होता, तोही एका वाक्यापुरता.

गरज एकदाच पडली होती आणि ती मैदानावर नव्हे. नरेशच्या घरचे पाहायला आले ते राधिकाला. राधिकाने ऐनवेळी नाही म्हटलं, पोहे झाले होते, पाहुणे बसले होते, रायपूरच्या उन्हात भिलाईहून आले होते. आत काहीतरी कुजबुज झाली आणि विनीताच्या हातात ट्रे आला. लग्न चांगलं झालं, नरेश चांगला निघाला, सिलतऱ्याच्या कारखान्यात हिशेबखात्यात लागला आणि तिथेच मुरला, कधी वाकडं बोलला नाही. सासूबाई मात्र पहिल्याच हळदीकुंकवाला शेजारणीला सांगत होत्या, आम्ही तर थोरलीला पाहायला गेलो होतो. विनीता तेव्हा तीळगूळ वाटत होती. तिने शेजारणीच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाली. अशी तिची सवय. कोणाचं बाळंतपण आलं, कोणाची शस्त्रक्रिया, कोणाचं लग्न, सामानापाशी कोणी बसायचं, तर विनीता. तिला बोलावलं नाही असं कधी झालं नाही, पण तिला बोलावलं ते नेहमी दुसऱ्या कोणाच्यातरी जागी. आणि गंमत अशी की यात अन्याय झाला असं कोणाला सांगायला जावं तर सांगता येत नव्हतं, कारण सगळे तिचं कौतुकच करत होते.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे गच्ची झाडायला गेली. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की गच्चीवर काळी भुकटी बसते, वाळत घातलेल्या चादरीवर, तुळशीच्या पानांवर, टाकीच्या झाकणावर. ती रोज झाडावी लागते, आणि विनीता ती उकिडवं बसून, केरसुणीने, पुढे सरकत सरकत झाडते. त्या सकाळी अर्धी गच्ची झाडून झाल्यावर ती थांबली. आपण बसलोय कसे, हे तिने पाहिलं. टाचा किंचित उचललेल्या, एक पाऊल पुढे, बोटं जमिनीला टेकलेली, मान वर. खो-खोच्या चौकटीत बसावं तशी ती बसली होती. तीस वर्षं रोज सकाळी अशीच बसत होती, कोणीही न शिकवता. खेळणाऱ्या साऱ्या पुढे खुर्चीत बसायला लागल्या, बँकेत, शाळेत, ऑफिसात, आणि राखीव विनीता मात्र रोज तयारीत. तिने केरसुणी बाजूला ठेवली आणि झटकन उठून पाहिलं. उजवा गुडघा करकरला, पण उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. खालून मुलीने, स्वरदाने, हाक मारली, मम्मी, ऊपर क्या कूद रही हो. स्वरदा कॉलेजच्या सुट्टीत घरी होती आणि कॉलनीच्या टीममधून खेळणार होती. विनीता म्हणाली, काही नाही, झाडून राहिली. तिला हे कोणाला सांगायचं नव्हतं. तिच्यात एक राग तयार होत होता, चांगला, स्वच्छ राग, आणि तो कोणी समजूत घालून विझवू नये अशी तिची इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, तिला त्या चौकटीत बसायचं होतं आणि पाठीवर कोणाचातरी हात पडायला हवा होता. पुढच्या वर्षी गुडघा ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ही टीम पुन्हा जमणार नाही हेही.

रविवारी दुपारी मैदानावर तंबू, खुर्च्या, मसालेभाताचा वास आणि माईकवर कोणाचंतरी न संपणारं आभारप्रदर्शन होतं. या वेळी बेंचही होता. कोणा दिवंगत स्टेशनमास्तरांच्या स्मरणार्थ बांधलेला सिमेंटचा बाक, उन्हाने इतका तापलेला की त्याला गरम ठेवायला विनीताची गरज नव्हती. टीम आली. जाड झालेल्या, चष्मे लागलेल्या, सलवारीवर एकसारखे पिवळे टी-शर्ट चढवलेल्या आणि दिसेल तिला मिठी मारणाऱ्या. विनीतासाठीही टी-शर्ट होता, मोठ्या मापाचा, उरलेला. शालिग्राम सर काठी टेकत आले, ऐंशीच्या पुढचे, पण शिट्टी गळ्यात. त्यांनी एकेकीच्या पाठीवर थाप मारली आणि विनीतापाशी येऊन नाव आठवत उभे राहिले. तिने सांगितलं नाही. शेवटी त्यांना आठवलं आणि ते आनंदाने म्हणाले, "अरे, विनीता. बेंच वाली." सगळ्या हसल्या. विनीताही हसली, आणि हसताना स्वतःवर इतकी चिडली की तिची कानशिलं तापली.

मग तेच झालं जे व्हायचं होतं. क्षमाने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, क्षणभर हातात धरलं, ठेवू कुठे म्हणून इकडेतिकडे बघितलं. मंगळसूत्र जमिनीवर कसं ठेवायचं, पर्समध्ये कोंबायचं तेही कसंतरी वाटतं. तिची नजर विनीतावर आली आणि तिचा चेहरा सैल झाला. तिने ते विनीताच्या गळ्यात घातलं. तिच्यामागे बाकीच्या आल्या. वाट्यांची, पेंडंटची, दोनपदरी, लांब, आखूड, काळ्या मण्यांची सगळी मंगळसूत्रं विनीताच्या गळ्यात एकावर एक पडली. मायाचा नवरा करोनात गेला होता, तिने एक बारीक साखळी घातली. मण्यांना अजून त्या त्या गळ्याचा घाम होता. विनीता तापलेल्या बाकावर बसली. मणी मानेला चिकटायला लागले, सोनं उन्हात तापलं, आणि इतक्या जणींचं सौभाग्य गळ्यात घेऊन बसलेल्या तिला जुना फोटो आठवला. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर नरेश मसालेभात खात होता. तो म्हणाला, "भारी दिसून राहिली." त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच तर सगळ्यात वाईट होतं.

पहिला पाठलाग क्षमाच्या टीमचा. आठ जणी मधल्या रेषेवरच्या चौकटींत बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, आणि नववी, माया, पळायला उभी. बसल्या म्हणजे काय, कोणी गुडघे टेकले, कोणी चक्क मांडी घातली. शिट्टी झाली. मायाने पळणाऱ्या पोरीमागे धाव घेतली, एकीच्या पाठीवर हात मारून खो म्हणाली, ती हात टेकत, अगं बाई करत उठेपर्यंत पोरगी दोन्ही खांबांना वळसा घालून आली होती. लोक हसून बेजार झाले. विनीता हसत नव्हती. तिला प्रत्येक चूक दिसत होती, टाच टेकली, मान वळली, पाऊल चुकीचं पडलं, आणि प्रत्येक खोला तिच्याच पाठीची कातडी आकसत होती. सतरंजीवरही असंच व्हायचं. तिच्या पाठीने शेकडो खो ऐकले होते, एकही घेतला नव्हता. मग बाजू बदलल्या, या पळायला गेल्या आणि कॉलनीच्या पोरींनी त्यांना भराभर बाद केलं. स्वरदाने क्षमाला खांबापाशी गाठलं आणि क्षमा खोटी खोटी रुसली. येताजाता स्वरदा बाकापाशी येऊन पाणी प्यायली, आईच्या गळ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, तुम बेंच पे ही ठीक हो. घुटना देखो अपना." तिने हे काळजीने म्हटलं. सगळे काळजीनेच म्हणत आले होते.

दुसरा पाठलाग सुरू व्हायचा होता. एकेक जण कण्हत आपापल्या चौकटीत जाऊन बसायला लागली. क्षमाला मात्र मंडळाच्या फोटोवाल्याने धरलं होतं, ती तंबूपाशी हार घातलेल्या कोणा पाहुण्यांबरोबर उभी होती. खांबाजवळची तिची चौकट रिकामी होती. चुन्याने आखलेली, एवढीशी, एका माणसाने उकिडवं बसावं एवढीच. विनीता तिच्याकडे बघत राहिली. तिला एकदम स्पष्ट कळलं की तीस वर्षं तिने वाट पाहिली ती कोणीतरी येऊन चल म्हणण्याची, आणि असं कोणी येत नसतं. जी माणसं वेळेवर हजर असतात, हातात पाणी घेऊन, त्यांना बोलावण्याचं कोणाला सुचतच नाही. ती उठली. गळ्यातली सगळी मंगळसूत्रं एकत्र मुठीत धरून डोक्यावरून काढली, मणी केसांत अडकले, तिने ओढले. मग आपलंही काढलं. नरेशची भाताची प्लेट तिने खाली ठेवली आणि तो घास गिळायच्या आत ती सगळी माळ त्याच्या गळ्यात घातली. नरेश गळ्याकडे बघायला लागला. "अवं, हे काय? मी काय करू याचं?" विनीता म्हणाली, "काही नाही करायचं. फक्त बसायचं."

मैदानाची रेषा ओलांडताना पायाखालची माती वेगळी लागली, जास्त मऊ, पायांनी भुसभुशीत झालेली. ती क्षमाच्या चौकटीत गेली आणि बसली. टाचा उचललेल्या, एक पाऊल पुढे, बोटं जमिनीला, मान वर. शेजारच्या चौकटीतली म्हणाली, विनू, तू काहून? क्षमा धावत आली, गजरा सावरत, अजून हसत. ती म्हणाली, चल उठ, झाला फोटो, आली मी. विनीता समोर बघत राहिली. क्षमाला वाटलं तिने ऐकलं नाही. ती वाकली आणि आवाज मऊ केला, तोच फोनवरचा आवाज. "विनू, ऊठ ना वं. सगळे पाहून राहिले." खुर्च्यांवरचे लोक खरोखरच पाहत होते, आणि गळ्यात मंगळसूत्रांचा ढीग घालून बसलेल्या नरेशकडेही पाहत होते. जुन्या विनीताची मान याच वेळी खाली गेली असती. तिने ती वर ठेवली.

"खो भेटल्याबिगर उठता येत नाही, क्षमा. नियम आहे."

क्षमाचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तिचे डोळे मात्र बदलले. तिने सरांकडे पाहिलं. शालिग्राम सर काठीवर रेलून उभे होते. त्यांनी बसलेल्या विनीताची टाच पाहिली, बोटं पाहिली, पाठीचा बाक पाहिला. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर काय हललं ते विनीताला दिसलं नाही, ती समोर बघत होती, तिने फक्त ऐकलं. "बैठ गई तो बैठ गई," सर म्हणाले. "अब बिना खो के उठी तो फाउल दूँगा." आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

आता पाठ होती आणि पाठीमागे मायाची पावलं. चौकटीत बसलं की मागचं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पळणारी स्वरदा होती. ती रेषेतून निसटून विनीताच्या समोरच्या बाजूला आली, आईला तिथे बसलेली बघून क्षणभर चुकली, हसली, पुढे पळाली. माया मागून आली, अगदी जवळ, तिचा श्वास विनीताच्या मानेला लागला. विनीताने पाठ ताठ केली. माया पुढे निघून गेली आणि तिने पलीकडच्या एकीला खो दिला. सवयीने. त्या जागी तिला क्षमा दिसली असती तर दिला असता. खो फिरत फिरत पुन्हा मायाकडे आला. पावलं परत आली, पुन्हा जवळ, पुन्हा पुढे. विनीताच्या उजव्या गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत चढली, पोटऱ्या थरथरायला लागल्या. बाहेरून क्षमाचा आवाज आला, "नाही दिला तं?" ते ती कोणाशी बोलत होती कोण जाणे, पण विनीताला दाराआडून ऐकलेलं वडिलांचं वाक्य ऐकू आलं. नाही दिला तर बसेन, तिने ठरवलं. मसालेभात संपू दे, तंबू उतरू दे, चुना पुसला जाऊ दे. आजवर बाहेर बसले, आता इथे बसेन. स्वरदा दमली होती, ती पुन्हा समोरून आली, या वेळी हसत नव्हती, आईच्या टाचांकडे बघत होती. मागून पावलं आली. थांबली.

तळहात पाठीवर पडला, दोन खांद्यांच्या मध्ये, जोरात. मायाच्या तोंडून शब्द पुरता निघायच्या आत विनीता उठली होती.

गुडघ्याने शिवी दिल्यासारखा आवाज केला. तिने ऐकला नाही. स्वरदा खांबाकडे पळाली आणि विनीता तिच्यामागे, पिवळा ढगळ टी-शर्ट फडफडवत, तोंड उघडं, केस सुटलेले. लोक उठून उभे राहिले होते. मैदानाच्या कडेने नरेशही गळ्यातली माळ दोन्ही हातांनी धरून धावत सुटला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मुलगी चपळ होती, हाताला लागायची नाही हे कोणालाही दिसत होतं. अशा वेळी खो देऊन मोकळं व्हायचं असतं, रेषेवर बसलेल्या सगळ्या पाठी त्यासाठीच असतात. इकडे दे, विनू, मले दे, असे आवाज दोन्ही बाजूंनी येत होते. बाहेरून क्षमा ओरडत होती, विनू, खो दे. शालिग्राम सरांनी तर शिट्टी तोंडातून काढून काठी उचलली होती. "खो दो, विनीता, खो दो."

विनीताला सगळं ऐकू येत होतं. तिने हात पुढे केला, खांबाला धरून वळसा घेतला, आणि तापलेली माती मागे उडवत ती पळत राहिली. आज ती कोणालाही खो देणार नव्हती.